पुढचा वाचक

२०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, सिएटल शहरात गेले होते. माझा भाचा तेव्हा पाचवीत होता. पहिल्याच रात्री पाहते तर काय, स्वारी पांघरुणात शिरून छोट्या पाटीएवढ्या यंत्रावर काहीतरी वाचतेय! मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "मोबाईल ठेव खाली!"

"मोबाईल नाही गं मावशी, हा ई-रीडर. किंडल. आणि पुस्तक लायब्ररीचं आहे."

मी हातात घेऊन पाहिलं. अगदी छापील पानासारखं दिसत होतं. त्याच्या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यानं हवे ते कण वर येतात आणि अक्षरं उमटतात. एकदा पान उमटलं, की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही.

पुस्तक आणायची रीतही सोपी. लिबी नावाच्या ॲपमध्ये सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डाचा नंबर घालायचा, पुस्तक निवडायचं, की ते किंडलवर हजर! तिथं किंडलवर अशी पुस्तकं २०११ पासून मिळतात. पैसे पडत नाहीत. २१ दिवस झाले, की पुस्तक आपणहून परत जातं.

"पण या पुस्तकासाठी मी पाच आठवडे थांबलो होतो," भाचा म्हणाला.

"का रे? यात कागद कुठंय? सगळ्यांना एकदम का नाही देत?"

मग बहिणीनं सांगितलं. लेखकाला आणि प्रकाशकाला मोबदला मिळायला हवा ना? म्हणून वाचनालय जितक्या प्रतींचे पैसे भरतं, तितक्याच जणांना ते पुस्तक एका वेळी मिळतं. बाकीचे रांगेत. हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेनं तर २०११ साली असा नियम केला, की एक प्रत २६ वेळा दिली गेली, की वाचनालयानं ती पुन्हा विकत घ्यायची. म्हणजे कागद नसला, तरी पुस्तक झिजतंच म्हणायचं!

काही दिवसांनी भाच्याच्या पुस्तकाची मुदत संपत आली. अजून चाळीस पानं उरली होती. तो हळूच माझ्या कानाशी आला. "मावशी, एक युक्ती आहे. किंडलचं इंटरनेट बंद ठेवलं, की पुस्तक जातच नाही. मी कालच बंद केलंय. आईला सांगू नकोस हं!"

मला एकदम माझं लहानपण आठवलं. आमच्या गावच्या वाचनालयातून मी साहसकथांचं एक पुस्तक आणलं होतं. ते मला इतकं आवडलं, की आठ दिवसांनी परत करायचं सोडून मी ते ट्रंकेत, कपड्यांखाली लपवून ठेवलं. माझी मैत्रीण रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन विचारायची. ग्रंथपालकाका म्हणायचे, "अजून आलं नाही गं." मी तिच्याच शेजारी उभी असायचे. गप्प. मे महिन्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गाव सोडून गेली. त्यानंतर मी पुस्तक परत केलं. तिनं ते वाचलं नाही ते नाहीच.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भाच्याला सांगितलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मावशी, माझ्यामुळे कुणी खोळंबत नाही. मुदत संपली, की लायब्ररी पुढच्या मुलाला पुस्तक देतेच. माझ्याकडे नुसतं राहतं."

खरं सांगते, मुलांनो, बाईंनाही लगेच उत्तर सुचलं नाही. मी एवढंच विचारलं, "मग त्या वेळी पुस्तक किती जणांकडे असेल?"

"दोघांकडे."

"आणि लायब्ररीनं पैसे किती प्रतींचे भरलेत?"

"एका," तो पुटपुटला. मग उठला आणि इंटरनेट सुरू करून आला. त्या रात्री त्याला हवं तितका वेळ जागायची परवानगी मी त्याच्या आईकडून मिळवून दिली. तरी अकरा पानं राहिलीच! सकाळी पुस्तक गेलेलं होतं. त्यानं पुन्हा रांगेत नाव घातलं.

सुट्टी संपवून मी परत आले. आमच्या वर्गात पुस्तकांची एक पेटी आहे आणि तिच्यासोबत नोंदवही. त्या वहीत पूर्वी तीन रकाने होते: पुस्तक, नाव, तारीख. मी पट्टी घेऊन चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'पुढचा वाचक'. आता पुस्तक नेणाऱ्याला कळतं, की आपल्यानंतर कोण वाट पाहतंय.

परवा एक मुलगी मुदतीच्या दोन दिवस आधीच पुस्तक घेऊन आली. "एवढ्यात झालं वाचून?" मी विचारलं.

"हो बाई. तो रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडे नुसता बघत बसतो. मग मी भराभरा वाचलं!"

तुमच्या कपाटात, दप्तरात असं एखादं पुस्तक राहिलंय का? जरा बघा बरं. कुणीतरी त्याची वाट पाहत असेल.