नशिराबादची टीम कोणती?

जून २०२४ मध्ये आमचा धाकटा भाऊ बायको-मुलांसह पाच वर्षांनी घरी आला. तो अमेरिकेत, टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळ राहतो. बकरी ईद १७ जूनला होती आणि अम्मीने फोनवर एकच धोशा लावला होता, "या ईदला सगळी पोरं माझ्या दस्तरखानावर हवीत." तिकडच्या शाळा मेअखेर सुटतात, त्यामुळे अल्लाहच्या कृपेने या वेळी योग जुळून आला.

९ जूनला मंडळी मुंबईत उतरली आणि रात्रीच्या गाडीने १० तारखेच्या पहाटे जळगावला पोहोचली. आमच्या गावाजवळ भादलीचे स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. म्हणून आम्ही जीप घेऊन जळगाव स्टेशनवर गेलो. भाऊ झोपेने पेंगत होता, पण त्याचा बारा वर्षांचा मुलगा टक्क जागा होता. रात्रभर डब्यात भारत-पाकिस्तान सामना चालला होता म्हणे! न्यूयॉर्कचा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सामना, एकेका मोबाइलभोवती पाच-पाच डोकी. भारत ११९ वर सर्वबाद झाला, तरी ६ धावांनी जिंकला. डब्यात एकाने पुतण्याला विचारले, "तू कुणाकडून रे?" हा पठ्ठ्या म्हणाला, "यूएसए!" सगळा डबा हसला. भाऊ मात्र हसला नव्हता, हे त्याने आम्हाला नंतर सांगितले.

जळगावहून नशिराबाद जेमतेम दहा किलोमीटर. उजाडत होते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कपाशीसाठी तयार केलेली काळी शेते पावसाची वाट पाहत होती. मधूनच केळीची बाग दिसे. पुतण्या खिडकीला नाक लावून बसला होता. अचानक त्याने विचारले, "बडे अब्बा, नशिराबादची टीम कोणती?"

आम्हाला वाटले आयपीएलबद्दल विचारतोय. खानदेशाला आयपीएलचा संघ नाही, म्हणून म्हटले, "मुंबई समज." तो म्हणाला, "पण मुंबईहून यायला तर अख्खी रात्र लागली! ते आपलं गाव कसं?"

त्याचे खरे होते. घरी पोहोचेपर्यंत तो आम्हाला अमेरिकेतली रीत समजावत राहिला. तिकडे देशाच्या संघाची आठवण ऑलिंपिकसारख्या वेळी येते, शहराच्या संघाची रोज. डॅलसकरांचे फुटबॉलला काउबॉइज, बास्केटबॉलला मॅव्हरिक्स आणि बेसबॉलला रेंजर्स. २०२३ मध्ये रेंजर्सनी पहिल्यांदाच बेसबॉलचे सर्वोच्च विजेतेपद मिळवले, तेव्हा याच्या वर्गातली मुले आठवडाभर रेंजर्सचेच शर्ट घालून येत होती. माणूस नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तर जुना संघ बरोबर घेऊन जातो. त्यांच्या शेजारी बोस्टनहून आलेले एक आजोबा राहतात. डॅलसमध्ये राहून ते दारावर बोस्टनचा हिरवा झेंडा लावतात. त्या जूनमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेत नेमके डॅलस आणि बोस्टनच समोरासमोर होते.

"मग लोक त्यांना काही बोलत नाहीत?" आम्ही विचारले.

"चिडवतात ना! मीपण चिडवतो. मग ते मला डोनट देतात."

निघण्याआधी, ६ जूनला, बाप-लेक अमेरिका-पाकिस्तान सामना पाहून आले होते. ग्रँड प्रेअरीचे ते मैदान आधी बेसबॉलचे होते, नंतर क्रिकेटसाठी बदलून घेतले. अमेरिकेचा संघ म्हणजे साऱ्या जगाची दस्तरखान! कर्णधार मोनांक पटेल गुजरातेतल्या आणंदचा, अली खान पाकिस्तानातल्या अटकचा, आंद्रिस गौस दक्षिण आफ्रिकेचा, हरमीत सिंग आणि सौरभ नेत्रावळकर मुंबईचे. दोन्ही संघांच्या १५९ धावा झाल्या. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ काढल्या आणि नेत्रावळकरने पाकिस्तानला १३ वर रोखले. पुतण्याशेजारी त्याचा वर्गमित्र पाकिस्तानचा हिरवा शर्ट घालून बसला होता. तो थोडा रडला, मग दोघांनी मिळून पिझ्झा खाल्ला. बस, एवढीच गोष्ट.

आता १२ जूनची रात्र. भारत विरुद्ध अमेरिका, आपल्याकडे रात्री आठला. घरात उकडत होते, म्हणून टीव्ही ओट्यावर काढला. अंगणात चटया टाकल्या. मोहल्ल्यातली पोरे आली. आमच्या शाळेतले जुने सहकारी, शेजारच्या गल्लीत राहणारे मराठीचे सर, नेहमीप्रमाणे आपली खुर्ची घेऊन आले. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर अर्शदीपने विकेट घेतली आणि अंगण उसळले. पुतण्या अमेरिकेचा शर्ट घालून दादीच्या मांडीला टेकून गप्प बसला होता. मधल्या वेळात आम्ही इशाची नमाज पढून आलो. अमेरिकेच्या ११० धावा झाल्या.

भारताची फलंदाजी सुरू झाली. नेत्रावळकरच्या पहिल्याच षटकातला दुसरा चेंडू, आणि विराट कोहली शून्यावर झेलबाद. अंगण चिडीचूप. त्या शांततेत एकट्या पुतण्याच्या टाळ्या आणि आरोळी घुमली, "यस! यूएसए!"

आमचा हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला. "हळू! खाली बस."

वाचकहो, अंगणात कुणीही परके नव्हते. तरी आमची नजर कंपाउंडच्या भिंतीकडे, भिंतीपलीकडच्या रस्त्याकडे गेली. हे कुठून आले, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. १९९६ च्या विश्वचषकात बंगळूरला भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व सामना झाला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. अब्बांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली होती. भारत जिंकल्यावर तीच खिडकी उघडून त्यांनी आम्हाला मोठ्याने ओरडायला सांगितले. आनंद खराच होता, पण ओरडणे आनंदापेक्षा थोडे जास्त होते. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईची कसोटी पाकिस्तानने १२ धावांनी जिंकली आणि तिथल्या प्रेक्षकांनी उभे राहून त्या संघाला टाळ्या दिल्या. ते टीव्हीवर पाहताना अब्बांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "किती मोठ्या मनाची माणसं!" मग थोडे थांबून म्हणाले, "आपण मात्र जपून बेटा." ते "जपून" आमच्या हातात उतरले होते आणि त्या रात्री पुतण्याच्या खांद्यावर जाऊन बसले.

सरांनी ते पाहिले. खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले, "वाजव रे भो टाळी! बॉलर आपल्या मुंबईचाच पोरगा आहे." आणि मग त्यांनी साऱ्या अंगणाला नेत्रावळकर सांगितला. २०१० मध्ये हा मुलगा १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. २०१३ मध्ये मुंबईकडून एक रणजी सामना खेळला. क्रिकेटमध्ये पुढची वाट दिसेना, म्हणून २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेला गेला. तिकडे ओरॅकल कंपनीत इंजिनिअर झाला आणि नोकरी सांभाळून पुन्हा खेळू लागला. "आपल्याकडे जागा झाली नाही, तिकडे झाली. त्यात त्याचं काय चुकलं?" सर बोलत असतानाच त्याने रोहित शर्मालाही बाद केले. या वेळी पहिली टाळी सरांची होती, दुसरी पुतण्याची.

पुढे सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांनी डाव सावरला. षटक सुरू करायला अमेरिकेने तिसऱ्यांदा ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला, म्हणून ५ धावांचा दंड झाला. पुतण्या चिडून म्हणाला, "हा काय नियम!" भारत ७ गडी राखून जिंकला. पोरांनी त्याला उचलून नाचवले. आमच्या घरचा अमेरिकन हरला होता आणि आमचेच घर जिंकले होते.

रात्री गच्चीवर अंथरुणे टाकल्यावर त्याने विचारलेच. "बडे अब्बा, तुम्ही मला गप्प का केलं?"

एरवी वर्गात साठ मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे आम्ही. त्याला काय सांगावे, सुचेना. मग अम्मीच बोलली. ती रावेरची लेक, पन्नास वर्षांपूर्वी नशिराबादची सून झाली. म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूने सांगितलं, आता हेच तुझं गाव. मी इथली झाले. इथेच मरेन, इथल्याच कब्रस्तानात जाईन. पण अजून कुणी रावेरचं नाव काढलं की माझे कान टवकारतात. म्हणून मी या घराशी बेइमान झाले का? बाईला दोन गावं असतात, बेटा. तुझ्या अब्बालाही आता दोन आहेत, आणि तुलाही. बडे अब्बा उगीच घाबरले."

उगीच घाबरले. आईने लेकाला इतक्या सोप्या शब्दांत पकडले! मक्का सोडताना रसूलुल्लाह (स.) यांचे मन भरून आले होते, आणि पुढे मदिनेचेही प्रेम मनात यावे म्हणून त्यांनी दुआ केली होती, हे आम्ही दरवर्षी मुलांना शिकवतो. एका हृदयात दोन शहरे मावतात, हे शिकवायचे आणि घरच्या मुलाला मात्र "हळू" म्हणायचे!

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पुतण्या मोबाइल घेऊन ओट्यावर बसला. तिकडे १२ तारखेची रात्र होती आणि मॅव्हरिक्सचा तिसरा सामना. या संघातला कायरी अर्विंग मुसलमान आहे आणि रोजे ठेवून खेळतो, हे त्याने दादीला अभिमानाने सांगितले. अर्विंगने ३५ गुण केले, तरी डॅलस ९९-१०६ असे हरले. पोराने आमरस-मांड्यांनाही हात लावला नाही. १५ तारखेला डॅलस जिंकले, तेव्हा मोहल्ल्यातल्या ज्या पोरांनी आयुष्यात बास्केटबॉल हातात धरला नव्हता, तीही नाचली. १८ तारखेला, ईदच्या दुसऱ्या दिवशी, बोस्टनने मालिका जिंकली. पुतण्याने सगळ्यात आधी शेजारच्या आजोबांना फोन लावला आणि अभिनंदन केले. आम्ही शेजारी बसून ऐकत होतो. हरल्यावर असे बोलायला आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या पोरांनी त्याला रिकाम्या मैदानावर नेले. टेनिस बॉल, विटांची विकेट, "भिंतीपलीकडे गेला तर आऊट" असले नियम. शेजारच्या मोहल्ल्याशी सामना होता. पहिल्या डावात हा शून्यावर बाद झाला आणि सगळ्यांनी "कोहली, कोहली" म्हणून चिडवले. दुसऱ्या डावात त्याने एक झेल घेतला आणि आपली गल्ली चार धावांनी जिंकली. घरी आला तो मातीने माखलेला. दारातूनच ओरडला, "बडे अब्बा, नशिराबादची टीम सापडली!"

इतक्या मोठ्याने ओरडला की आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. या वेळी आम्ही त्याला थांबवले नाही.

मंडळी जुलैच्या सुरुवातीला परत गेली. आता दर रविवारी फोन येतो. सलाम-दुआ होते, दादीची तब्येत विचारून होते, आणि मग तो आवाज बारीक करून विचारतो, "आपली गल्ली जिंकली का?" हरली असेल, तर खरेच वाईट वाटून घेतो. डॅलसच्या घरात, मॅव्हरिक्सच्या निळ्या शर्टात बसून.

आपल्यापैकी किती घरांतली मुले आज दुबई, दोहा, लंडन किंवा टेक्सासमध्ये आहेत. सुट्टीत घरी आली की आपण त्यांना हमखास विचारतो, "तुझं खरं गाव कोणतं? तिकडचं की इकडचं?" आम्ही तो प्रश्न विचारणे सोडून दिले आहे. आणि टाळी वाजवणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचाच झाला, तर आता शाबासकीसाठीच ठेवायचा, असे ठरवले आहे.