न चाखता केलेलं लाइंग



गेल्या वर्षी तीन महिने मी मनिलाकडे मुलाच्या घरी होते. "तिथे तू खाल्लंस तरी काय गं?" हा प्रश्न सांगलीत परतल्यापासून मला किती जणींनी विचारला असेल! त्याचं उत्तर सोपं आहे. तांदूळ, मूग, भेंडी, दुधी, केळी, नारळ, चिंच, सगळं तिथे मिळतं. अवघड होतं ते दुसरंच. ते आज लिहिते.

मुलगा क्वेझॉन सिटीत राहतो. सूनबाई तिथलीच, बिकोल भागातली, कॅथलिक. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. तिची आई आदल्याच वर्षी गेलेली. म्हणून मी निघाले. बॅगेत हिंग, हळद, सुंठ, मेतकूट आणि छोटा कुकर.

पहिल्याच दिवशी फ्रिज उघडला. आत मासे आणि बागूंगची बरणी. बागूंग म्हणजे खारवून आंबवलेली बारीक कोळंबी. मी मुलाला म्हटलं, "हे इथे असेल तर मला पाणीसुद्धा जाणार नाही." बोलले मराठीत, पण सूनबाईला कळलं. तिने शेजारणीला बोलावलं आणि सगळं देऊन टाकलं. दुपारपर्यंत फ्रिज पुसून लख्ख. मला वाटलं, किती समजूतदार मुलगी!

मग मी माझा स्वयंपाक सुरू केला. वरणभात, दुधीची भाजी, फुलके. ती प्रत्येक वेळी "सलामत पो" म्हणायची. सलामत म्हणजे आभार, आणि मोठ्या माणसांशी बोलताना शेवटी लावायचा तो "पो". पण ताट अर्धं परत यायचं. आठ दिवसांनी तपासणी झाली. तिचं वजन तसूभरही वाढलं नव्हतं. मुलगा मला काही बोलला नाही. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. घर माझ्या नियमात आलं होतं आणि पोटुशी पोर उपाशी होती.

सकाळी तिच्या उशाशी बसून विचारलं, "तुझी आई काय करायची गं?" आधी ती काही बोलली नाही. मग सांगत सुटली. डोहाळ्यांना त्यांच्याकडे पाग्लिलिही म्हणतात. डोहाळ्यात आंबट हवं, कैरी हवी, ते तर आपल्यासारखंच. तिची आई शुक्रवारी मोंगो करायची. मोंगो म्हणजे हिरवे मूग. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत, तेव्हा मोंगो ठरलेला, आणि पुष्कळ घरांत तो वर्षभर शुक्रवारी होतो. आपल्या अष्टमी-चतुर्दशीसारखंच वार पाळणं हे! मला एकदम हायसं वाटलं.

पहिला केला मोंगोच. अख्खे मूग मऊ शिजवायचे, थोडे घोटायचे. तिथे लसूण-कांद्यावर टोमॅटो परततात, वर सुके मासे किंवा मांस घालतात. मी तेलात हिंग, टोमॅटो आणि सुंठ घातली. शेवटी शेवग्याचा पाला घालायचा. त्याला तिथे मलुंगाय म्हणतात. माझा चातुर्मास, पालेभाजी बंद. म्हणून माझी वाटी आधी काढली आणि मग पातेल्यात पाला घातला. एकाच पातेल्यातलं आम्ही दोघींनी पहिल्यांदा खाल्लं.

मग सिनिगांग. हे म्हणजे चिंचेचं आंबट पातळ सार. त्यात आधणाला साधं पाणी न घेता तांदळाचं धुवण घेतात, त्याने साराला अंग येतं. टोमॅटो, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, लांब हिरवी मिरची घातली. मुळ्याऐवजी दुधी. मासे-मांस अर्थातच नाही. गरम भातावर ओतून ती दोन वेळा जेवली.

गोडात तुरोन. साबा नावाची जाड केळी लांब चिरायची, तपकिरी साखरेत घोळवायची, पातळ पारीत गुंडाळून तळायची. साखर वितळून बाहेर चकाकी धरते. बाजारच्या पारीत कधी अंडं असतं, म्हणून मी मैद्याची पारी घरीच लाटली.

पण तिचा जीव अडकला होता लाइंगमध्ये. लाइंग ही खास बिकोलची. अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात मिरच्या घालून शिजवायची. पातळ दूध आधी, दाट दूध शेवटी. आपण अळू खाजू नये म्हणून चिंच घालतो. तिथला नियम वेगळा: पानं शिजेपर्यंत चमचा लावायचा नाही, ढवळलं की खाजतं. काही जणी म्हणतात, वाळलेली पानं चातुर्मासात चालतात. मी घेत नाही. म्हणजे जी भाजी मी जन्मात कधी खाल्ली नव्हती, ती आता न चाखताच करायची होती. आल्याऐवजी सुंठ घातली, लसणीऐवजी हिंग, आणि हात बांधून शेगडीपाशी उभी राहिले. ढवळायची इतकी सवय असते आपल्याला!

तिने पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. मी विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" म्हणाली, "हो, पो." मग हळूच म्हणाली, "आईच्या हातचं असं नव्हतं. तिच्यात बागूंग असायचं." तक्रार नव्हती ती.

अडोबो मात्र मी केला नाही. तो व्हिनेगरशिवाय होत नाही, आणि आंबवलेलं आमच्या घरी वर्ज्य. तो माझ्या स्वयंपाकघरात होणार नाही, असं तिला स्पष्टच सांगितलं.

पण तिथे पुष्कळ घरांना मागे दुसरं, उघडं स्वयंपाकघर असतं. त्याला डर्टी किचन म्हणतात. मासळी, धुराचं तळण तिथे करायचं. मुलाच्या घरीही होतं, अडगळ टाकून बंद केलेलं. क्षमावाणीच्या दिवशी मी सूनबाईसमोर हात जोडले. "उत्तम क्षमा" म्हटलं आणि फ्रिजबद्दल क्षमा मागितली. ती गोंधळली. "पसेन्स्या ना पो" म्हणत उलट माझीच माफी मागायला लागली. मग मी मुलाला म्हटलं, "मागची खोली रिकामी कर. तिथे काय शिजतं ते मी बघणार नाही. माझी भांडी तेवढी इकडे राहू देत."

कृत, कारित आणि अनुमोदना. आपण करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला संमती देणं, तिन्हींचा दोष लागतो, हे लहानपणापासून पाठ आहे. मी "आणा" म्हटलं नाही. "नको" म्हटलं होतं, तेवढं मागे घेतलं. हीसुद्धा अनुमोदनाच का? मी रोज प्रतिक्रमणात स्वतःला विचारते. बी.कॉम.ला जमाखर्च शिकले, पण हे कोणत्या बाजूला मांडायचं ते अजून ठरत नाही. तिच्या पोटात जे वाढत होतं तोही एक जीवच होता, एवढं खरं.

नात झाली. दोघी सुखरूप.

चातुर्मास संपल्यावर परवा इथे सांगलीत लाइंग केलं. आपलाच अळू दोन दिवस सावलीत वाळवला. न ढवळता शिजवलं आणि पहिल्यांदा चाखलं. अगदीच अळणी! लगेच सूनबाईला फोन लावला. म्हटलं, "अगं, मीठ कमी पडलंय."

पलीकडून हसू आलं. "तेव्हाही कमीच होतं, पो."