वास सुटला की बंद

आईच्या वहीतल्या नानकटाईला तापमान नाही. मैदा, बेसन, रवा, साजूक तूप, पिठीसाखर, वेलची, जायफळ, सगळं वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं आहे आणि शेवटची ओळ अशी: ‘वास सुटला की बंद.’

वीसेक वर्षं तिला याहून जास्त काही लागलं नाही. तिचा ओव्हन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गोल डबा, झाकणाला काचेची खिडकी. तापमानाचं बटणच नाही. पिन लावली की चालू, काढली की बंद. त्याचा थर्मोस्टॅट म्हणजे आईचं नाक.

२०२१ मध्ये तिला कोविड झाला. ताकद परत आली, भूक आली, वास मात्र आला नाही. फोडणी करपली तर धूर दिसेपर्यंत तिला कळत नाही. त्या दिवाळीत तिनं नानकटाई केली नाही, पुढच्याही नाही. विचारलं तर म्हणाली, “आता कोण खातंय?” मीही खोलात गेलो नाही.

मग गोल ओव्हनची कॉइल गेली आणि मी बंगळुरूहून तिला सांगलीला एअर फ्रायर पाठवला. आठवड्यानं फोन आला.

“अरे, यावर आकडे आहेत. नानकटाईला कुठला लावू?”

मला खरंच आनंद झाला. आकडे म्हणजे माझा प्रांत. एका सिस्टिममधला डेटा दुसऱ्या सिस्टिमला कळेल असा करून देणं, यावरच माझा पगार चालतो. मी एक पाककृती शोधली, ३५० फॅरेनहाइट, २० मिनिटं. बत्तीस वजा करा, पाचनं गुणा, नऊनं भागा: १७७, म्हणजे १८० सेल्सिअस धरायचं. पंख्याच्या ओव्हनला त्यातून २० अंश कमी, म्हणजे १६०. एअर फ्रायरला वेळही साधारण पाचव्या हिश्शानं कमी. “आई, १६० ला १६ मिनिटं,” मी सांगितलं. दोन मिनिटांत काम झालं.

संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. वरून काळ्या, आतून कच्च्या. आधी तापवताना आत नुसताच ठेवलेला बटर पेपर पंख्यानं उडून कॉइलला चिकटला होता. फोनवर ती हसली आणि मग म्हणाली, “घरभर जळका वास असणार रे. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या तेव्हा मला कळलं.”

त्या रात्री मी पहिल्यांदा २० अंश का कमी करतात, ते वाचलं.

ओव्हनमधली हवा १८० ला असली तरी ती नानकटाईला थेट भिडत नाही. नानकटाईच्या अंगालगत जरा गार, दमट हवेचा पातळ थर असतो, पांघरुणासारखा. साध्या ओव्हनमध्ये तो बराचसा टिकतो. पंखा तो उडवून लावतो, म्हणून कमी तापमानातही तेवढीच उष्णता पोचते. बशीतल्या चहावर फुंकर मारताना आपण हेच करतो, फक्त उलट्या दिशेनं. तिथं फुंकर उष्णता काढून नेते, इथं आणून देते.

एअर फ्रायर तळत वगैरे काही नाही. तोही पंख्याचा ओव्हनच, पण इवलासा. जागा कमी, हवेचा झोत जोरात आणि कॉइल अगदी डोक्यावर. बटाट्याच्या फोडींना ते मानवतं, कारण त्या मधेच हलवता येतात. नानकटाई हलवता येत नाही. तिचा माथा भाजून निघतो आणि पोटापर्यंत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. म्हणजे इथं तापमान आणखी उतरवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट माझ्याच ओटीजीनं शिकवली. आत ठेवायचा एक थर्मामीटर आणला. बटण १८० वर, काटा कधी १६५, कधी १९०. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत राहतो आणि हवा त्या आकड्याच्या खाली-वर हेलकावत असते. तक्ता खोटा नव्हता. तो चार ओव्हनांचा ढोबळ फरक सांगत होता. आईच्या स्वयंपाकघरातल्या त्या एका यंत्राबद्दल त्यात काही असणं शक्यच नव्हतं.

मग तीन रविवार आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. प्रत्येक वेळी फक्त चारच नानकटाया, म्हणजे बिघडल्या तरी तूप वाया जायला नको. १५० ला १२ मिनिटं: कडा लाल. १४० ला १२: पांढऱ्याफटक. “मऊच आहेत अजून,” मी स्क्रीनवर बघून म्हणालो, तर आई म्हणाली, “गरम असताना मऊच असतात. गार झाल्या की खुटखुटीत होतात. तुला एवढंही माहीत नाही?” मला माहीत नव्हतं. तिसऱ्या रविवारी १४५ ला ११ मिनिटं. कागदावर आधी नानकटाया ठेवायच्या, मगच तो आत. तिनं वहीत जुन्या ओळीखाली निळ्या पेननं ‘१४५, ११ मि.’ लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही.

दिवाळीला घरी गेलो. पहिला घाणा आत होता, मी ओट्याशी मोबाइल बघत उभा. आई पाटावर बसून दुसऱ्या घाण्याचे गोळे वळत होती. मधेच तिनं विचारलं, “वास सुटला का रे?”

मी टायमरकडे पाहिलं. अजून दोन मिनिटं होती. मग मोबाइल खाली ठेवला आणि नाकानं श्वास घेतला. तूप, वेलची, आणि त्यामागून भाजल्या बेसनाचा वास, लहानपणी बाहेरून खेळून आल्यावर दारातच यायचा तसा.

“सुटला.”

“मग बंद कर की.”

“आई, दोन मिनिटं आहेत अजून.”

“बंद कर.”

मी बंद केला. गार झाल्यावर तिनं एक मोडून बघितली, आतून नीट झाली होती. अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “सांग आता, कशी झालीय.”