बोटांची बदली

बदलीचा हुकूम आला की माणूस प्रथम घरभाड्याची आणि मुलांच्या शाळेची चौकशी करतो. नव्या गावी मात्र अडते ते क्षुल्लक गोष्टींपाशी. दिव्याचे बटण दाराच्या कोणत्या बाजूस आहे, हे हाताला ठाऊक नसते. संकेतस्थळे घडविणाऱ्याने आपला एडिटर बदलणे हे याच जातीचे संकट होय.

मी वापरीत असलेला ॲटम हा एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मी व्हीएस कोड घेतला. कामाचे काही बिघडले नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट यांच्या फायली म्हणजे अखेर साधा मजकूर. तो कोठेही तसाच उघडतो. परकी झाली ती बोटे. ॲटममध्ये कंट्रोलसह उलट्या तिरप्या रेघेची कळ दाबली की फायलींची यादी मिटत असे. येथे त्याच कळा पडद्याचे दोन भाग करतात!

ॲटमच्या कळांचा संच येथे जोडून घेण्याची सोय आहे. ती मी नाकारली. परप्रांतात दहा वर्षे काढूनही बाजारात दुभाष्या घेऊन जाणारे बांधव आपण पाहिले आहेत; त्यांना ते गाव कधी भेटतच नाही. शिवाय सहकाऱ्याच्या संगणकावर बसावे, तर आपला संच तेथे नसतो.

तथापि जुने सारेच टाकाऊ नसते. बिल जॉय यांनी १९७६ साली 'व्हीआय' हा एडिटर लिहिला. त्यात एच, जे, के, एल या कळांनी इकडेतिकडे जावयाचे. कारण त्यांच्या टर्मिनलवर याच कळांवर बाण कोरलेले होते. ते टर्मिनल केव्हाच अडगळीत गेले, पण बोटांचे ते वळण आजही असंख्य सर्व्हरांवर उपयोगी पडते.

आणि ॲटम तरी पुरता कोठे गेला? व्हीएस कोड ज्या चौकटीवर उभा आहे, ती इलेक्ट्रॉन नावाची चौकट मूळ ॲटमसाठीच बांधलेली. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या वाट्याला याहून निराळे काय येते? दारावरची पाटी बदलते; त्याने घालून दिलेली पद्धत चालू राहते.