नळ उघडा सोड

लखनौ छावणीत जानेवारीत पारा कधी ३-४ अंशांवर येतो, धुक्यात समोरची बराक दिसत नाही. पण नळ काही गोठत नाहीत. म्हणून लेहला बदली झालेल्या आमच्यातल्या एका पोराला हे सांगावं लागलं. पोरगा माण तालुक्यातला. नळ टपकताना ऐकू आला तर झोपेतून उठून बंद करणारा.

तिथं तेच करू नकोस, म्हटलं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाची गुठळी आणि बंद नळ यांच्यात पाणी कोंडतं, आणि बहुतेक वेळा त्याच्याच दाबानं पाइप फुटतो. संध्याकाळीच मेन वॉल्व्ह बंद कर, सगळ्यांत खालच्या नळातून लाइन रिकामी कर, नळ तसाच उघडा ठेव. रिकामी होत नसेल तर बारीक धार सोड. गोणपाटानं गोठणं फक्त लांबतं. तरी गोठलाच, तर नळाच्या बाजूनं गरम फडक्यानं शेक; स्टोव्हची ज्योत लावू नकोस.

"रात्रभर धार, उस्ताद?"

टँकरची वाट बघत वाढलेल्याला हे पटायचं कसं? म्हटलं, फुटलेला पाइप रात्री कळत नाही. दुपारी ऊन लागून बर्फ सुटतो, तेव्हा टाकीच रिकामी होते. मग पुढं सगळ्या बराकीला बर्फ वितळवून प्यायची पाळी, तीही रॉकेल जाळून.

त्यानं वहीत लिहून घेतलं. "उघडा"खाली दोन रेघा मारल्या.