रात्रीच्या गाडीचा हिशेब

बेळगाव-बेंगळूर अंतर सुमारे 500 किलोमीटर. ताई तिकडे नोकरीला असल्याने जावे-यावे कसे, हा वाद आमच्या घरी नित्याचाच.

बाबांचा ओढा मोटारीकडे. चौघांत पेट्रोल परवडते, वाटेत हवे तिथे थांबता येते; पण सबंध दिवस मोडतो. विमान सांबऱ्याहून तासा-सव्वा तासात पोहोचवते. मात्र तिकडचा विमानतळ दूर देवनहळ्ळीला, आणि आईच्या पिशव्या वजनकाट्याला मानवत नाहीत. माझे मत राणी चन्नम्मा एक्सप्रेसला. रात्री चढावे, सकाळी उतरावे. 'संधी खर्चा'च्या दृष्टीने पाहता झोपेच्या वेळेत प्रवास होतो, कामाचा दिवस बुडत नाही. स्लीपरला माणशी 40 किलो सामान मोफत, ते वेगळेच.

गेल्या श्रावणात आजी अत्यवस्थ झाली. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते; आजारपण तेवढी सवड देत नाही. ताई मिळेल त्या दराने संध्याकाळच्या विमानाने आली. आजीने तिला ओळखले, तिचा हात धरला. पहाटे आजी गेली.

रात्रीच्या गाडीने ताई सकाळी पोहोचली असती. तिकिटाचे ते जास्तीचे पैसे कोणत्या खात्यावर लिहावेत, हे आमच्या पुस्तकात नाही. सणावारी मी अजूनही रात्रीचीच गाडी सुचवतो. पण भाडे विचारण्याआधी, पलीकडे कोण वाट पाहते आहे ते विचारतो.