खत फिरविणें आणि खत फाडणें

आमच्या भाषेंत ‘ऋण’ या शब्दास जो मान आहे तो ‘कर्ज’ या शब्दास नाहीं. देवांचें ऋण, ऋषींचें ऋण, पितरांचें ऋण हीं मनुष्य जन्मतःच घेऊन येतो असें शास्त्र सांगतें, आणि तीं मान्य करण्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. कर्जाची गोष्ट निराळी. तें शेजाऱ्यास कळूं नये, पाहुण्यास कळूं नये, आणि साधल्यास घरांतही कळूं नये, अशी आम्हां पांढरपेशांची धडपड असते. या लपवालपवीमुळेंच कर्जाविषयीं आमच्याजवळ म्हणी पुष्कळ, पण हिशेब थोडा.

हें लिहिण्यास एक निमित्त झालें. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा या गांवीं आम्ही अध्यापन करितों. आमचे एक जुने विद्यार्थी येथेंच शिक्षक आहेत. ते गेल्या वर्षीं आमच्याकडे जामीनकी मागण्यास आले. वडिलांच्या दुखण्यांत त्यांनीं दोन क्रेडिट कार्डांवर खर्च केला होता, आणि देणें दोन लाख रुपयांवर जाऊन बसलें होतें. तें फेडण्यासाठीं पगारदार नोकरांच्या पतसंस्थेकडून तेवढेंच कर्ज काढण्याचा त्यांचा बेत होता. आमच्या एका वृद्ध सहकाऱ्यांनीं तो ऐकतांच “आगींतून फुफाट्यांत!” असा निकाल दिला. आम्हीं मात्र कागद व पेन्सिल मागविली.

कार्डाचें व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे बेचाळीस. दोन लाखांवर महिन्याचे ७,००० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे आणखी १,२६०. आमचे विद्यार्थी दरमहा दहा हजार रुपये नेमानें भरीत, म्हणून आपण कर्ज फेडीत आहों अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः त्या दहा हजारांतील ८,२६० रुपये व्याजांत व करांत जात आणि मुद्दल अवघें १,७४० रुपयांनीं उतरे. पुढें हातांत रोकड उरत नसल्यामुळें महिन्याचा किराणा पुन्हा त्याच कार्डावर येई. बाकी थकलेली असतां नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत मिळत नाहीं, ही गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती. तेव्हां डाळ-तांदळावरही पहिल्या दिवसापासून बेचाळीस टक्के चढत होते. असें दीड वर्ष चाललें होतें!

आतां पतसंस्थेचा दर पाहा. द. सा. द. शे. १२, तोही शिल्लक मुद्दलावर, आणि मुदत तीन वर्षें. हप्ता सुमारें ६,६४३ रुपये येतो. म्हणजे जेथें नुसतें व्याज व कर मिळून ८,२६० जात होते, तेथें त्याहून कमी रकमेंत व्याज आणि मुद्दल दोन्ही फिटतात, आणि छत्तीस महिन्यांनीं पाटी कोरी होते. तीन वर्षांचें एकूण व्याज चाळीस हजारांच्या आंतच राहतें. उलट कार्डावरील बाकी तीन वर्षें तशीच ठेविली तर व्याज व कर मिळून २,९७,३६० रुपये भरूनही दोन लाखांचें मुद्दल उभेंच! हा हिशेब पाहिल्यावर सहकाऱ्यांची म्हण आम्हांस पटेना.

परंतु तिच्यामागें पिढ्यांचा अनुभव आहे हें विसरून चालणार नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले व ते नगर जिल्ह्यांतही पसरले. कडें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, तरी नगरची सरहद्द येथून दूर नाहीं. त्या दंग्यांत सावकारांच्या जिवापेक्षां त्यांच्या कागदांवरच लोकांचा डोळा होता. त्यांनीं खतें मागून घेतलीं आणि जाळलीं. या रोषाच्या कारणांत ‘खत फिरविणें’ हें एक मोठें होतें. मुदत संपली कीं सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी आणि त्या एकंदर रकमेचें नवें खत लिहून घेई. जुनें कर्ज नव्या कर्जानें फिटे खरें, पण फक्त कागदावर. कुळाच्या हातीं दमडी न पडतां देणें वाढे. म्हणूनच १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ मुद्दल किती व व्याज किती हें निवडण्याचा अधिकार दिला. आमच्या धर्मशास्त्रानेंही दामदुपटाचा नियम घालून एका वेळीं मागावयाच्या व्याजास मुद्दलाची मर्यादा बांधली होती. कार्डाच्या व्याजास अशी मर्यादा नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं तीस टक्क्यांची जी रेघ ओढली होती, तीही सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें पुसून टाकिली.

तेव्हां कर्जानें कर्ज फेडण्याचे प्रकार दोन आहेत. एक खत फिरविणें, दुसरा खत फाडणें. नव्या कर्जाचा दर कमी, मुदत ठरलेली आणि जुनी वाट बंद, अशा तिन्ही गोष्टी असल्या तर खत फाटलें. एकही नसली तर तें नुसतें फिरलें. पतसंस्थेचे पैसे कार्डांत भरावे आणि मोकळें झालेलें कार्ड दिवाळींत पुन्हा वापरावें, असें ज्यानें केलें त्याच्या डोक्यावर एकाऐवजीं दोन ओझीं आलीं. वृद्ध सहकाऱ्यांची म्हण अशा माणसास तंतोतंत लागू पडते.

एवढा विचार झाल्यावर सहीचा प्रश्न उरला. आमच्या मंडळींनीं विचारलें, “त्यांनीं हप्ते चुकविले तर?” १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, तो केवळ साक्षीदार नव्हे. आमच्या निवृत्तीस चारच वर्षें उरलीं आहेत आणि मुलीचें शिक्षण व्हावयाचें आहे. प्रश्न रास्त होता. आम्हीं विद्यार्थ्यांस चार गोष्टी सांगितल्या : रक्कम हातांत न घेतां परस्पर कार्डांच्या खात्यांत भरावी, बाकी शून्य होतांच दोन्ही कार्डें बंद करण्याचा अर्ज द्यावा, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार तो सात कामकाजाच्या दिवसांत पुरा करावा लागतो, दहा हजारांतून हप्ता जाऊन जे ३,३५७ रुपये उरतील ते आवर्ती ठेवींत टाकावे, म्हणजे पुढील दुखण्यास कार्ड आठवणार नाहीं, आणि हें सर्व आजच घरीं सांगावें. पहिल्या तीन ते लगेच कबूल झाले. चौथीस मात्र बराच वेळ खालीं मान घालून बसले. दुसऱ्या दिवशीं ते पत्नीसह आले, तेव्हां आम्हीं सही केली. आजपर्यंत अकरा हप्ते वेळेवर कापले गेले आहेत. पंचवीस उरले आहेत.

येथेंच लेखणी ठेवावयाची, पण कड्यास राहून तें जमत नाहीं. दसरा झाला कीं या भागांतील ऊसतोडीचीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. मुलीचें लग्न, दवाखाना, मागचें देणें यांतच ती बहुधा संपून जाते. हंगामांत उचल फिटली नाहीं तर बाकी पुढल्या हंगामावर चढते, आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावें लागतें. येथें कागद नसला तरी खत दरवर्षीं फिरतेंच. आमच्या विद्यार्थ्यांस बारा टक्क्यांनीं कर्ज मिळालें तें त्यांच्या सचोटीपेक्षां पगाराच्या कागदामुळें. सचोटी त्या गाडींत बसलेल्या जोडप्याजवळही आहे. पण तिच्या भरंवशावर कर्ज देणारी पतसंस्था नाहीं, आणि त्यांच्याकरितां जामीन म्हणून सही मागण्यास आमच्या दारीं अद्याप कोणी आलेलें नाहीं.